बेहरीनची रांग

वामनकाका मेतरांच्या घरी जायचं तर आधी बेड्यापाशी थांबावं लागे. बेडं म्हणजे आमच्याकडचं कुंपणाचं बांबूचं दार. इतरांचं बेडं माणसं पायानेसुद्धा ढकलतात. वामनकाकांच्या बेड्याच्या आत मात्र एक निळी प्लास्टिकची खुर्ची असे, खुर्चीत काका असत, आणि बेड्याला हात लागला की चष्म्यावरून बघत ते विचारत, "पर्पज?"

शेजारची सुमन म्हणे, "वाटीभर साखर व्हयी होती, काका."

"किती दिवस रवतलंस?"

"साखर घेतलंय काय चललंय."

"म्हणजे ट्रान्झिट," असं म्हणून काका बेडं उघडत.

यात विनोद आहे असं त्यांना कधी वाटलं नाही. पोस्टमनला त्यांनी विचारणं सोडून दिलं होतं, कारण तो 'मल्टिपल एन्ट्री' होता. एकदा आमदारकीला उभा असलेला माणूस चार गाड्या घेऊन मत मागायला आला, तेव्हा काकांनी त्याला उन्हात उभं करून विचारलं, "सोबत किती? सगळ्यांचो पर्पज एकच काय?" तो माणूस हात जोडून हसत उभा राहिला. काकांनी सगळ्यांना एकेक करून आत घेतलं, पाणी दिलं आणि एकेक करून बाहेर सोडलं. मत कोणाला दिलं ते मात्र सांगितलं नाही.

मालवणच्या थोडं खाली, खाडी जिथे दर्याला मिळते त्या अंगाला आमची वाडी आहे. नाक्यावर माझं एसटीडीचं बूथ होतं, आत झेरॉक्सचं मशीन. मोबाइल अजून गावात पोहोचले नव्हते. बाहेरगावच्या पोरांचे फोन माझ्याकडेच येत आणि त्यांच्या बायका-आया शुक्रवारी माझ्या बाकड्यावर बसून असत. त्यामुळे वाडीतलं कोण कुठे आहे, कोणाचा व्हिसा अडकला आणि कोणाचा पगार, हे सगळं मला कळे. माझ्याहून जास्त फक्त वामनकाकांना कळे.

कोकण रेल्वे सुरू झाली त्याच सुमारास काका बेहरीनहून कायमचे परत आले. बेहरीन म्हणजे आखातातला बेटाचा देश. नकाशात पोरं बोट ठेवतात तर बोटाखाली अख्खा देश झाकला जातो, एवढासा. काका तरुणपणी तिथे एका बांधकाम कंपनीत हेल्पर म्हणून गेले. पण काकांचा मूळचा धंदा रापणीचा. रापण म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं. त्यात ओढण्याइतकंच काम उभं राहण्याचं. मासळीचा थवा दिसेपर्यंत पाण्याकडे डोळे लावून वाळूत उभं राहायचं, बोलायचं नाही, कंटाळायचं नाही. बेहरीनच्या साहेबाला हा गुण कसा कोण जाणे दिसला. त्याने काकांच्या डोक्यावरचं घमेलं काढून घेतलं आणि हातात फाइल दिली. तेव्हापासून परत येईपर्यंत काकांनी एकच नोकरी केली: रांगेत उभं राहण्याची.

नवीन माणूस आला की त्याचं मेडिकल, मग बोटांचे ठसे, मग वर्क परमिट, मग राहण्याचा परवाना. तो परवाना संपत आला की पुन्हा पहिल्यापासून. कंपनीत माणसं शेकड्यांनी आणि त्या प्रत्येकासाठी रांगेत उभा असलेला माणूस एक, वामन मेतर. आमच्या वाडीत रेसिडेन्स परमिटला 'रेशीडन' म्हणतात. काकांनी किती जणांचं रेशीडन काढलं याचा त्यांनाही हिशेब नव्हता.

"थंय माणूस बोलाक लागलो काय कोण आयकणा नाय," काका सांगत. "पेपर बोलाक व्हयो. आणि पेपर बोलाक लागलो काय तू गप रवाक व्हयो."

परत आल्यावर त्यांना वाडीत सगळ्यात मोठी अडचण ही झाली, की इथे रांगच नव्हती. रेशनच्या दुकानावर माणसं घोळक्याने उभी राहत आणि ज्याचा हात लांब त्याला रॉकेल आधी मिळे. काकांनी एका सकाळी जाऊन तिथे खडूने रेघ मारली. माणसांनी रेघेवर पिशव्या ठेवल्या आणि स्वतः आंब्याखाली जाऊन बसली. काका पिशव्यांच्या रांगेत एकटे उभे. लग्नाच्या पंगतीत जागा धरायला धावाधाव सुरू झाली की काका मांडवाच्या खांबाजवळ शांत उभे राहत, त्यांच्यामागे कोणीतरी येईल अशी वाट बघत. कोणी येत नसे. शेवटच्या पंगतीला ते एकटेच जेवत.

दुसरी गोष्ट कानांची. पासपोर्टच्या फोटोत दोन्ही कान दिसायला हवेत, हे त्यांच्या डोक्यात इतकं पक्कं बसलं होतं, की माणूस भेटला की ते आधी त्याचे कान बघत. माझ्या चुलतभावासाठी मुलगी बघायला गेलो तेव्हा काकांना बरोबर नेलं होतं. मुलीने पोहे आणून ठेवले. सगळे तिला शिक्षण, स्वयंपाक विचारत होते. काका मान वाकडी करून बघत होते. शेवटी म्हणाले, "गो, केस जरा मागे घी बघू." मुलगी घाबरली, तिची आई उठून उभी राहिली. काका समाधानाने म्हणाले, "फोटो बरो येतलो." लग्न जमलं ते आमच्या नशिबाने.

पण परदेशी निघालेल्या पोरांसाठी काका म्हणजे शेवटचा शब्द. संध्याकाळी त्यांच्या खळ्यात, म्हणजे अंगणात, पोरांची तालीम चाले. काका खुर्चीत बसून अधिकारी होत. पोरगा समोर उभा राही.

"कामाक चललंस काय फिराक?"

"कामाक."

"मगे हसतंस कित्या? कामाक जाणारो माणूस हसता काय? जा, परत ये बेड्याकडसून."

पोरगा पुन्हा बेड्यापासून न हसता चालत येई. सही तशीच. पासपोर्टवरची सही आणि अर्जावरची सही जुळायला हवी म्हणून ते पोरांना खळ्यातल्या शेणाच्या सारवणावर काडीने सह्या गिरवायला लावत. सकाळी सुलोचनाकाकी, म्हणजे काकांची बायको, सडा घालायला आली की सगळ्या अंगणभर परब, तांडेल, खवणेकर. ती सगळ्यांवर पाणी मारी.

सुलोचनाकाकीबद्दल मी तेव्हा फार विचार केला नव्हता. ती कमी बोले. काका बेहरीनला असताना घर, शेतीचा तुकडा, अंथरुणाला खिळलेली सासू, सगळं तिने एकटीने ओढलं, हे वाडीला माहीत होतं आणि वाडीने ते गृहीत धरलं होतं. मूलबाळ झालं नाही. काका परत आल्यावर तांदळाचा डबा कुठे आहे हेसुद्धा त्यांना तिला विचारावं लागे. ती बोटाने दाखवी.

माझी भाची संगीता ही पलीकडच्या वाडीत खवणेकरांकडे दिलेली. नवरा महेश बेहरीनला एसी दुरुस्तीच्या कामावर. लग्न झालं, सुटी संपली, तो गेला. पुढच्या वर्षी महिनाभर आला आणि गेला. संगीता दर शुक्रवारी माझ्या बूथवर येई. आत जाऊन दार लावून घेई आणि बाहेर आली की मीटरकडे न बघता पैसे पुढे करी. तिचे डोळे मी बघत नसे.

मग महेशचा पगार वाढला. बायकोला नेता येईल इतका वाढला. त्याने फोनवर मला सांगितलं आणि मी लगेच वामनकाकांकडे गेलो. बेड्यावर त्यांनी पर्पज विचारला तेव्हा मी म्हटलं, "संगीताचं रेशीडन." त्या दिवशी त्यांनी किती दिवस राहणार ते विचारलं नाही.

संगीताचे कागद बघताना काका एकदम थांबले.

"शाळेच्या दाखल्यार संगीता. लग्नाच्या दाखल्यार सानिका. ही सानिका कोण?"

"मीच," संगीता म्हणाली. "लग्नात नाव बदललां. ताटात तांदूळ पसरून तेच्यार लिवलां ना."

काकांनी चष्मा काढला. "तांदळात लिवलेला नाव विमानात बसाक देतत?"

"माका काय ठावक, काका. सासूक बरा वाटला म्हणान ठेवलां."

आता पासपोर्ट निघणार संगीताच्या नावाने, आणि तिकडे महेशची बायको सानिका. बेहरीनच्या टेबलावर बसलेल्या माणसाने विचारलं असतं, की बायको सानिका तर ही संगीता कोणाची? दोन्ही नावं एकाच बाईची, असं प्रतिज्ञापत्र करायला हवं होतं, आणि त्यावर सासरच्या वडीलधाऱ्या माणसाची सही असली तर काम पक्कं, असं काकांचं म्हणणं. सासरा नव्हता. म्हणजे सही सासूची.

भागीरथी खवणेकरीण मालवणच्या बाजारात मासे विकायची. आवाज असा, की ती 'सुरमई' म्हणाली की एसटी स्टँडवरची माणसं वळून बघत. तिला सही करायची नव्हती. नावाचा प्रश्नच नव्हता. सून गेली की घरात ती एकटी उरणार, हा प्रश्न होता. पण ती तसं म्हणाली नाही. ती म्हणाली, "माझ्या सुनेचा नाव सानिका. संगीता कोण ता माका ठावक नाय. मी खोट्यार सही करुचंय नाय."

महेशने फोनवर विनवलं. माझी बहीण जाऊन रडली. मी जाऊन कायदा सांगितला, तर तिने मला बांगडे कापायच्या कोयतीने दार दाखवलं. महेशने तिकडे अर्ज भरायला सुरुवात केली होती, त्याची कंपनी पुढल्या कंत्राटाला त्याला ठेवणार की नाही याची खात्री नव्हती. हे वर्ष हुकलं तर पुन्हा कधी ते कोणी सांगू शकत नव्हतं.

वामनकाका दुसऱ्यांच्या घरगुती भांडणात कधी पडत नसत. "तां माझा काउंटर नाय," असं म्हणत. पण या वेळी ते सकाळी उठले, इस्त्रीचा शर्ट घातला, काखेत फाइल घेतली आणि खवणेकरांच्या दारात जाऊन उभे राहिले. बसले नाहीत. उभे राहिले.

भागीरथी टोपली घेऊन बाहेर पडली. "काय व्हया?"

"सही."

"मिळाची नाय."

"बरा," काका म्हणाले आणि तिथेच उभे राहिले.

ती बाजारात गेली. मला निरोप मिळाला तसा मी धावत गेलो. काका जांभ्या दगडाच्या गडग्याला न टेकता, फाइल छातीशी धरून उभे. समोर दार, मागे कोणी नाही. मी म्हटलं, "काका, ती दुपारशिवाय येणा नाय. घराक चला."

"मी रांगेत आसंय," काका म्हणाले.

"खंयची रांग? तुमी एकटेच आसात!"

"मगे बरा. माझोच नंबर पयलो."

संगीताने पेज आणून दिली. ती त्यांनी उभ्यानेच प्यायली. दुपारी भागीरथी रिकामी टोपली घेऊन आली, काकांना बघितलं, त्यांच्याभोवती वळसा घालून आत गेली. आतून भांडी आपटल्याचा आवाज येत राहिला. मग तो थांबला. मग ती ओटीवर आली आणि पायरीवर बसली.

"वामना," ती म्हणाली. तिचा आवाज एवढा खाली मी प्रथमच ऐकला. "सून गेली काय मी कोणाक हाक मारू?"

काकांनी फाइल छातीवरून खाली घेतली. मग म्हणाले, "भागी, तू आज तिका ठेवून घेतलंस, तर ती रवात. कामा करीत, तुझे पाय चेपीत. पण एकदा जावचा रवला काय ता रवताच गो. मगे घोव परत येता तो घोव नसता, पावणो असता. मी सांगतंय तुका."

मला वाटलं, ते पोरांना शिकवताना बोलतात तसंच काहीतरी बोलले. भागीरथीने मात्र त्यांच्याकडे नीट बघितलं. ती त्यांच्याच वयाची, तिला जुनं सगळं माहीत असणार. ती उठली, हात धुतले, पदराला पुसले आणि म्हणाली, "खंय करूची सही?"

सही म्हणजे तिने एक मासा काढावा तशी वळणदार रेघ काढली. काकांनी ती उजेडात धरून बघितली आणि तिला म्हणाले, "आता दुसऱ्या कागदार पण अश्शीच काढ. डोळो काढू नको."

त्यानंतरचं सगळं सुरळीत झालं, म्हणजे कागदांचं जेवढं सुरळीत होतं तेवढं. पासपोर्ट आला, व्हिसा आला. आम्ही संगीताला गोव्यात दाबोळीच्या विमानतळावर सोडायला जीप करून गेलो. भागीरथीसुद्धा आली, मांडीवर सुक्या मासळीचा डबा घेऊन. काकांनी तो दारातच काढून घेतला, "वास येता, सगळा विमान खाली उतरवतीत." आत जाणाऱ्यांच्या रांगेत संगीता उभी राहिली तेव्हा काका काचेला नाक लावून बघत होते. तिच्या पुढे कोणी घुसला की ते काचेवर टकटक करत. तिचा नंबर लागला, ती वळून हसली. काका ओरडले, "हसा नको गो!" सुरक्षा रक्षकाने त्यांना मागे केलं.

परतताना इन्सुलीच्या नाक्यावर जीप थांबवली. गोव्याहून येणाऱ्या गाड्यांत दारू शोधतात तिथे. शिपायाने टॉर्च आत टाकून विचारलं, "काय आहे गाडीत?" भागीरथीने सुक्या मासळीचा डबा उघडून त्याच्या नाकासमोर धरला. त्याने हात हलवून गाडी सोडली. त्या एका क्षणी आम्ही सगळे हसलो, भागीरथीसुद्धा. मग ती खिडकीकडे तोंड करून बसली, आणि काकांनी डबा तिच्या मांडीवरून उचलून स्वतःच्या मांडीवर घेतला.

काही दिवसांनी संगीताचा फोन आला. या वेळी मी इकडे आणि ती तिकडे. घर मिळालं का, विचारलं.

"मिळाला, मामा. वामनकाकांनी महेशक पत्तो दिलेलो. फिलोमिना म्हणान एक गोंयकार म्हातारी आसा, तिच्या माडीवरची खोली. काकांचा नाव सांगल्यार तिना भाड्याचा काय बोलूकच दिला नाय. पयलो महिनो रवा म्हणाली. मामा, तुमका ठावक आसा, ह्या खोलयेक हंय सगळे काय म्हणतत?"

"काय?"

"वामनाची खोली."

मग तिने जे सांगितलं ते असं. अनेक वर्षांपूर्वी काकांनी ही खोली भाड्याने घेतली होती. स्वतः ते कंपनीच्या कॅम्पात राहत. खोली बायकोसाठी. तिचं रेशीडन मिळावं म्हणून ते साहेबाच्या मागे लागले होते, दरसाल अर्ज करत होते, आणि अखेर ते मिळालं होतं. काकांनी भिंतींना रंग दिला, स्टोव्ह आणला, कपडे वाळत घालायला दोरी बांधली. फिलोमिनाकडून पडदे शिवून घेतले. बायको आली नाही. काकांनी खोली सोडली नाही. दर शुक्रवारी येत, झाडून काढत, स्टोव्ह पुसून ठेवत आणि कॅम्पावर परत जात. परवान्याची मुदत संपेपर्यंत हे चाललं. त्यानंतर त्यांनी फिलोमिनाला सांगितलं, की कोणी नवीन माणूस पहिल्यांदाच बायकोला घेऊन आला, तर त्यांना ही खोली दे, दुसरं घर मिळेपर्यंत. भाडं मी भरीन. भारतात परत येईपर्यंत त्यांनी ते भरलं.

मी फोन ठेवला आणि शटर अर्धं ओढून सरळ काकांकडे गेलो. बेड्यात खुर्ची रिकामी होती. काका एका पोराला घेऊन मालवणच्या पोलीस स्टेशनात गेले होते. सुलोचनाकाकी खळ्यात सोलं, म्हणजे कोकमाच्या साली, वाळत घालत होती. मी न विचारता आत गेलो आणि तिच्याजवळ बसलो.

"काकी, तुमचा रेशीडन इला होता?"

तिचे हात लालभडक रसाने भरले होते. ती सोलं पसरत राहिली. "इला होता. सासू पडली त्याच महिन्यात. मांडी मोडली. मी बांदिवडेकर भटजींकडसून तार केलंय, माका जमाचा नाय. हे काय बोललेच नाय. घराक इले तेवा पण नाय."

"आणि खोलीचं?"

"खंयची खोली?"

तेव्हा माझ्या लक्षात आलं, की हिला माहीत नाही. वाडीभर रेशीडनच्या गोष्टी सांगत फिरणाऱ्या माणसाने ही एक गोष्ट घरात सांगितली नव्हती. आता माघार घेता येईना. मी सगळं सांगितलं. रंग, स्टोव्ह, दोरी, पडदे, शुक्रवार.

काकी ऐकत होती. सोलांवर माशी बसली ती तिने हाकलली नाही. मग तिने मला एकच विचारलं.

"खिडकी होती?"

मला माहीत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी काकी माझ्या बूथवर आली. एवढ्या वर्षांत ती पहिल्यांदा आली होती. बाकी बायका बाकड्यावर बसल्या होत्या, ती उभी राहिली. मी तिला महेशचा नंबर लावून दिला. ती फोनमध्ये मोठ्याने म्हणाली, "संगीता, मी वामनकाकाची काकी. खिडकी आसा? ... खंयच्या अंगाक? ... बरा." आणि तिने फोन ठेवला. मी पैसे नको म्हटलं. तिने ते टेबलावर ठेवले.

त्या संध्याकाळी काका माझ्याकडे आले ते पार गोंधळलेले. चष्मा हातात, फाइल काखेत, पण फाइल उलटी.

"बाळू, तिका पासपोर्ट व्हयो म्हणता."

"मगे काढा. तुमका काय कठीण?"

"तसा नाय रे." ते बाकड्यावर बसले. "तिका पर्पज काय म्हणान विचारूचा?"

संगीता आणि महेशने दोघांसाठी व्हिजिट व्हिसाची सोय करतो म्हणून कळवलं. एवढ्या लोकांचे अर्ज भरलेल्या काकांनी काकीच्या अर्जात तिच्या वडिलांचं नाव दोनदा खोडलं. फोटोसाठी तिला मालवणात नेलं, स्टुडिओवाल्याने केस मागे घ्यायला सांगितलं, तेव्हा काका दुसरीकडे बघू लागले. तिचे कान त्यांना नव्याने दिसले असावेत, असं मला वाटलं. एरवी प्रत्येक कागदाच्या तीन झेरॉक्स काढणाऱ्या काकांनी या वेळी सहा काढल्या.

मग पासपोर्टच्या चौकशीला हवालदार आला. बेड्यावर त्याला कोणी पर्पज विचारला नाही. काकांनी स्वतः खुर्ची उचलून त्याला दिली आणि स्वतः माडाला टेकून उभे राहिले. साक्षीदार म्हणून मी होतो. हवालदाराने कागदी मराठीत सुरुवात केली.

"या पत्त्यावर किती वर्षं राहता?"

"लग्न होवन इलंय तेवापासून."

"मध्ये कुठे बाहेरगावी वास्तव्य?"

"नाय."

"परगावी, माहेरी, काही महिने?"

"खंयच नाय," काकी म्हणाली. "हे गेले, मी हंयच होतंय."

ती तक्रार म्हणून बोलली नाही. पत्ता सांगावा तशी बोलली. पोरांना बोलण्याआधीच उत्तर सांगणारे काका तेव्हा माडावर चढणारी मुंगी बघत होते. हवालदाराने लिहून घेतलं. काकीने त्याला ओली सोलं बांधून दिली.

महिनाभर दोघं बेहरीनला राहून आली. दाबोळीला मी आणायला गेलो. काका पुढे, काकी मागे, मग बाहेर आल्यावर काका थांबले आणि तिला पुढे घातलं. जीपमध्ये काका लगेच झोपले. मी काकीला विचारलं, काय काय बघितलं?

"दर्यो आपलोच," ती म्हणाली. "जरा गप रवता, इतक्याच. फिलोमिना माका धरून रडली. तिच्या पडद्याचो रंग अजून तसोच आसा."

"आणि?"

"आणि चाय केलंय."

"चाय?"

"पयल्या दिसा. संगीताक म्हटलंय, तू आज बाजूक सर. त्या खोलयेत मी चाय केलंय नि ह्यांका दिलंय. हे खिडकीत बसान प्याले." तिने मागे वळून बघितलं. काकांची मान डुलत होती. तिने हात पुढे करून त्यांचं डोकं सीटला नीट टेकवलं. "मी कप धुवूक घेतलंय, तर म्हणाले, अजून अर्धो दी."

"मगे?"

"मगे काय," काकी म्हणाली. "दिलंय."